बाजाराच्या दिवशी दिसलेली नाहीद

हासू नका. नाई तं हासा, मीच हासून राह्यली लिहिता लिहिता. बाबूभाई मिस्त्रीची नाहीद म्हंजे सावली गावातली एक नंबरची आळशी पोट्टी, असं मी दीड वर्स लोकाईले सांगत होती. लोकाईले म्हंजे आमच्या गावातली बारा-पंधरा घरं, ऑटोत संग बसनाऱ्या बाया, आन एकदा तं नकळत तिच्या सख्ख्या मामीले. मामीनं ऐकून घेतलं, वांगी घेतली, आन जाता जाता म्हनली, "मी तिची मामी होय." असं तोंड लपवाची वेळ माह्यावर लग्नातही आली नव्हती.

त्याचं असं झालं. माह्यं गाव सावलीपासून नऊ किलोमीटर, वैनगंगेच्या आंगानं. धानाच्या बांधीत धान, आन धुऱ्यावर मी वांगी, सांभार म्हंजे तुमची कोथिंबीर, वालाच्या शेंगा लावते. आठवड्यातून एकदा ते टोपलं घेऊन सावलीच्या बाजाराले येते. बसाची जागा ठरलेली, बाबूभाईच्या ओट्याले लागून. सावली राहते, पानी मांगितलं का भेटते, आन बाबूभाईची बायको खातून दुपारी चहा देते. एवढ्यावर मी ती जागा अकरा वर्स सोडली नाई.

तं दीड वर्सामागं शिकून घरी आली तवापासून जवा पाहा तवा ही पोट्टी ओट्यावर पाय हालवत बसलेली. मांडीवर वाटी, वाटीत फुटाने. एकेक फुटाना सोलते, सालं फुकते, ती सालं माह्या सांभारावर येऊन पडतात. एकोनतीस वर्साची पोरगी, एमएस्सी झालेली, डोळ्यावर जाड चष्मा. माय आंगन झाडून राह्यली, बाप राईस मिलमधून कोंड्यानं पांढरा होऊन येऊन राह्यला, आन ही सालं फुकून राह्यली!

मी एकदा खातूनले विचारलंच. "पोरगी काय करते वो?"

"पीएचडी करून राह्यली. ताऱ्याईवर."

मी म्हनलं, बरं. पन मले काही बुद्धू समजू नका. तारे पाहनारा मानूस रात्री जागन का नाई? मी म्हनलं, "मंग रातभर गच्चीवर राहत असन."

"नाई बाई, नऊ वाजले का झोपते. कोंबड्या उशिरा निजतात तिच्यापेक्षा."

झालं! मी हिशेब लावून टाकला. पोरगी परीक्षेत नापास झाली, घरी बसली, आन माय बिचारी झाकून राह्यली. ताऱ्याईचा अभ्यास, आन तारे निंगाच्या आत घोरते! मले तं खातूनची कीव यायले लागली. तिच्या टोपलीत दोन वांगी जास्तीची टाकाले लागली मी, कीव येते म्हनून.

मंग आमच्या विहिरीवरची मोटर जळली. ती बाबूभाईकडे द्याले आमचा देवाजी गेला. देवाजी म्हंजे माहा नवरा. कमी बोलते, जास्त खोकते. बाबूभाईनं सांगतलं, बुधवारी या, तार बांधून ठेवतो. बुधवार काही बाजाराचा दिवस नाई. पन देवाजीच्या फटफटीवर मोटर धराले कोनीतरी पायजे, म्हनून मी संग गेली.

अकरा वर्सात पहिल्यांदा मी ती गल्ली रिकामी पाह्यली. मले वाटलं चुकीच्या गल्लीत आलो. मानूस नाई, दुकानाचं पाल नाई, भोंगा नाई. माह्या जागेवर एक कुत्रं पाय तानून झोपलं होतं, जसा त्याच्याच नावावर सातबारा.

दारातून मी आवाज देल्ला, "खातूनबाई वो!"

तं खातून तोंडावर बोट ठेवून धावत आली. "श्श! हळू बोला भागीरथाबाई. मोजून राह्यली."

"कोन?"

आत पाह्यलं तं नाहीद. खाली सतरंजीवर बसलेली, समोर पाटावर लॅपटॉप, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, दुसरी पेन्सिल दातात. आमच्याकडे न पाहता तिनं एक बोट वर केलं. थांबा म्हनून. आम्ही तिघंही थांबलो. देवाजीनं खोकला दाबला, त्याचे डोळे बाहेर आले, पन दाबला. पाच-सात मिनिटानं तिनं वहीत काही लिहिलं, बोट खाली केलं आन म्हनली, "या मावशी. आता बोला."

"रोजच असं बसते का ही?" मी खातूनले विचारलं.

"सकाळी आठ ते सांजेच्या पाचपर्यंत. दोन दिवस गडचिरोलीच्या कॉलेजात शिकवाले जाते एसटीनं, बाकी दिवस हेच."

"आन बाजाराच्या दिवशी?"

"त्या दिवशी सुट्टी. तुमच्या त्या भोंग्यात तिचा आकडा चुकते."

आता सांगा. दीड वर्स मी त्या पोट्टीले पाह्यलं, पन फक्त तिच्या सुट्टीच्या दिवशी पाह्यलं. ते मले तिथीच कळलं, पन मी कबूल थोडीच केलं. कोनतीही शहानी बाई लगेच कबूल करत नाई. मी विषय बदलला. लॅपटॉपवर वाकून पाह्यलं. राखाडी पडदा, त्याच्यावर काळे ठिपके, तीळ सांडल्यासारखे.

"हे काय होय?"

"तारे."

"काळे?"

"उलटे करून पाहते मी, डोळ्याले बरं पडते."

"आन दिवसा?"

"मावशी, फोटो होत हे. फोटो कधीही पाहता येते. तुमच्या लग्नाचा अल्बम काय तुम्ही मुहूर्त काढून पाहता का?"

पोट्टी बोलाले तिखट होती. मले आवडली. मंग तिनं मले सांगतलं, आन मी जसं समजली तसं तुमाले सांगते. चूक असन तं तिची, तिनं सांगाले पायजे होतं नीट.

हे फोटो काढले वर अवकाशात सोडलेल्या दुर्बिनीनं. ती आता बंद झाली. पन तिनं काढलेले सगळे फोटो ठेवून देल्ले, ज्याले पाहाचे त्यानं पाहावे. आन हे फोटो आपल्या डोळ्याले दिसते त्या उजेडाचे नाई, ऊब असते ना, तिचे. कायले? तं नाहीदले म्हातारे तारे पाहाचे असतात. तारा म्हातारा झाला का फुगते, लाल होते, आन आंगातून धूळ सोडते. मंग त्याच धुळीत स्वतःच लपून जाते.

"देवाजीभाऊसारखे," नाहीद म्हनली. "खोकतात आन धूळ उडवतात."

त्याच टायमाले देवाजी खोकलला. मी इतकी हासली का खातूननं पानी आनून देल्लं.

पन मले ते ऊब पाहनं काही समजेना. ऊब काय दिसते का कोनाले? तवा ती उठली आन बाबूभाईच्या पेटीतून एक बंदुकीसारखं काढून आनलं. कोरोनात कपाळावर धरत होते ना, तसंच, पन मिलचं, मोठं. बाबूभाई आधी मिलच्या बेअरिंगले हाताची उलटी बाजू लावून पाहत होता, गरम झालं का नाई ते. दोनदा कातडं भाजलं, मंग नाहीदनंच त्याले हे मांगवून देल्लं.

ती मले मागच्या आंगनात घेऊन गेली. पान्याच्या चुलीत सकाळची राख होती. दोन ढीग. "कोनत्यात इंगळ आहे, सांगा."

दोन्ही सारखेच करडे. मी म्हनलं, "डाव्यात."

तिनं बंदूक धरली. डावीकडे एकतीस. उजवीकडे चौऱ्यान्नव.

"वरून राख दिसते," ती म्हनली. "आत जळून राह्यलं, ते डोळ्याले नाई, याले समजते. माही दुर्बिन म्हंजे हेच, फक्त लय मोठं आन लय बारीक."

एवढं समजलं मले. त्याच्यानंतर ती बंदूक मी हातातून सोडली नाई. कुत्र्यावर धरली, मोटरवर धरली, खातूनच्या कपाळावर धरली. देवाजीच्या पाठीवर धरली तं बत्तीस. मी म्हनलं, "नाहीद, हा तं थंड होऊन राह्यला, याची धूळ संपली का?" देवाजी म्हने, "घरी चल तू."

घरी जाताना फटफटीवर मोटर मांडीत धरून मी विचार करत होती. आपन किती घरी सांगून ठेवलं होतं बरं? बारा का पंधरा? आता तितक्याच घरी जाऊन उलटं सांगा लागन. सांगतलंही. लोकाईले खोटं लवकर पटते, खरं सांगाले दोन चक्कर जास्त लागतात.

त्याच्यानंतर बाजाराच्या दिवशी नाहीद फुटाने घेऊन बसली का मी तिले बोलतं कराले लागली. तिची एक सवय सांगून ठेवते. ही पोट्टी उलशा, एवढ्याशा गोष्टीवर वाद घालते. तुम्ही म्हना आज लय गर्दी आहे, तं ती म्हनन मागच्या वेळी जास्त होती, मी मोजली. तुम्ही म्हना सांभाराच्या जुड्या तीस आनल्या, तं ती म्हनन अठ्ठावीस. आन अठ्ठावीसच निंगते, बाई! मी एकदा मुद्दाम दोन जुड्या पदरात लपवल्या, म्हनलं आता चुकन. तं म्हनते, "पदरातल्या धरून तीस."

तिच्या कामाची गोठ अशी. आपली आकाशगंगा म्हंजे नागपूर समजा. तिच्या बाजूनं लहान लहान वस्त्या असतात ताऱ्याईच्या, जंगलातल्या टोल्यासारख्या. नाहीद तसल्याच एका टोल्याचा अभ्यास करून राह्यली. आता धूळ बनवाले जो माल लागते, तो मोठ्या शहरात भरपूर, टोल्यात कमी. मंग टोल्यातले म्हातारे तारे धूळ करू शकतात का नाई? याच्यावर मोठमोठे लोक भांडून राह्यले म्हने. आन नाहीदच्या यादीत चौतीस म्हातारे तारे पक्के होते, सगळे उलसी उलसी धूळ सोडनारे.

आन एक होती पस्तिसावी. सगळ्यात लाल, सगळ्यात धुळीची. तिचा नंबर लंबाचौडा होता, मी तिले बुढी म्हनाले लागली. ही बुढी यादीत राह्यली तं नाहीदच्या पुस्तकाचं तोंडच फिरत होतं. टोल्यातही गाडीभर धूळ निंगते, असं तिले सांगता येत होतं. आन बुढी गेली तं उरलं काय? टोल्यात थोडी थोडी धूळ आहे बाप्पा. ते तं आधीच सगळ्याईले माहीत होतं.

आन तिचे सर बुढीले काढून टाक म्हनत होते.

प्रफुल सर नागपूरचे, तिचे गाईड. मानूस चांगला, फोनवर आधी "जेवलीस का" विचारते. पन त्याचं म्हननं असं होतं का ही बुढी त्या टोल्यातली नाईच. लय दूर, मागच्या बाजूनं एखादी भलतीच आकाशगंगा असन, तीही अशीच लाल दिसते. वळखाचं कसं? तं म्हातारा तारा दमेकऱ्यासारखा राहते, फुगते, आटते, कधी तेज, कधी मंद, एकेका फेऱ्याले वर्स-सव्वा वर्स लागते. दूरची आकाशगंगा अशी करत नाई. दुर्बिनीनं बुढीचे फोटो दोनदा काढले होते, सव्वा वर्साच्या फरकानं. दोन्ही फोटोत बुढी सारखीच. उलसाही फरक नाई.

"बदलत नाही, म्हणजे तारा नाही," सर म्हने. "काढ. पंधरा तारखेला प्रबंध जमा करायचा आहे. मुदत दोनदा वाढवून झाली, आता तिसऱ्यांदा मिळणार नाही. परीक्षक हिच्यावरच बोट ठेवेल आणि सगळा प्रबंध परत येईल."

हे मले कळलं बाजाराच्या दिवशी, पंधरा तारखेले साडेतीन हप्ते होते तवा. नाहीद ओट्यावर बसली होती, वाटी भरलेली, आन ती खाऊन नव्हती राह्यली. मी विचारलं, काय झालं. तिनं सांगतलं.

"आन तुले काय वाटते?"

"मले वाटते तिचा फेरा सव्वा वर्साचाच आहे. दोन्ही वेळा तिले एकाच ठिकानी पकडलं. पन सर म्हनतात, असा योग कुठी येते का?"

आता मले राहवलं नाई. मी हासाले लागली. वांगी तोलता तोलता तराजू हालला, गिऱ्हाईक ओरडलं. मी म्हनलं, "येते वो पोरी, येते! मी तुले दीड वर्स आळशी समजत होती. बारा घरी सांगतलं. तुह्या मामीलेही."

"मामीनं सांगतलं मले."

"माहीत होतं तुले? आन बोलली नाईस?"

"मी पाहत होती तुम्ही कधी कबूल करता ते."

पाहा! पोट्टी बुढीपेक्षा पक्की. मी म्हनलं, "मंग लाव तुह्या सराले फोन. मी सांगते त्याले."

तिनं खरंच लावला. स्पीकरवर. सरासंग बोलताना तिची भाषा इस्त्री केल्यासारखी होते. "सर, एक मावशी बोलतायत, ऐकता का?"

मी म्हनलं, "नमस्कार सर. मी भाजीवाली. मी तुमच्या पोरीले आठवड्यातून एकदाच पाहत होती, बाजाराच्या दिवशी. शंभरदा पाह्यलं असन. शंभरही वेळा ती बसूनच. म्हनून मी समजली ही काही करतच नाई. बुधवारी आली तवा समजलं. तुमची बुढीही तशीच असन. तुम्ही दोनदा गेले, दोन्हीदा बाजारच होता."

तिकडून सर हासले. "मावशी, उदाहरण छान आहे. पण तुम्ही बुधवारी येऊन बघितलं ना? मलाही बुधवारचा फोटो पाहिजे. आणि ती दुर्बीण तर बंद झाली."

मानूस बोलला ते खरंच होतं. मी फोन नाहीदकडे सरकवला. मी दुसऱ्याचं लगेच मान्य करते असं वर्सातून एखाद्या वेळी होते, तुम्ही देवाजीले विचारा.

पन नाहीदचा चेहरा मोकळा झाला होता. "म्हंजे सर 'नाई' म्हनले नाई," ती मले म्हनली. "बुधवारचा फोटो आना म्हनले."

आता बंद दुर्बिनीचा नवा फोटो कुठून आनाचा? तं नाहीद म्हने, जुना आनाचा. दुर्बिन चालू होती तवा हजार लोकाईनं हजार जागेचे फोटो काढून घेतले. कोनीतरी शेजारच्या जागेचा काढला असन, आन त्याच्या कोपऱ्यात आपला टोला आला असन. लग्नाच्या फोटोत कसे, नवरा-नवरीच्या मागं जिलेबी खानारा कोनी अनोळखी मानूस येते ना, तसा.

मंग सुरू झालं शोधनं. सावलीत नेट असं का फोटो उतरता उतरता मानूस जेवून येते. म्हनून ती गडचिरोलीच्या कॉलेजात उतरवून पेनड्राईव्हवर आनाची, एसटीत पर्स पोटाशी धरून. बाबूभाईले वाटे पोट दुखते पोरीचं. एकदा ओवा घेऊन उभा होता स्टँडवर.

दोन हप्त्यानं एक फोटो भेटला. शेजारच्या कोन्या ताऱ्याचा होता, आन कोपऱ्यात टोला. मी त्या दिवशी मुद्दाम बिनबाजाराची आली होती, लोनच्याची बरनी द्याच्या बहान्यानं. नाहीदनं फोटो उघडला, तिच्या मापानं बुढीची जागा काढली, आन पेन्सिल खाली ठेवली. फोटोची कड बुढीच्या उलसं अलीकडेच संपली होती. टोला अर्धा आत, बुढी बाहेर.

"दोन बोटं, मावशी," ती म्हनली. "फक्त दोन बोटं."

दुसऱ्या दिवशी ती आठ वाजता सतरंजीवर बसली नाई. खातूननं मले फोन केला, घाबरून. "भागीरथाबाई, ओट्यावर बसली. आज बाजार नाई, तरी ओट्यावर बसली." खातूनसाठी हे म्हंजे ताप आल्यासारखंच. मी देवाजीले फटफटी काढाले लावली.

मी पोहोचली तं बाबूभाई जेवाले आला होता, मिशा कोंड्यानं भरलेल्या. तो तिच्याजवळ बसून आपली मिल सांगून राह्यला होता. "बेटा, मशीन आवाज करते ना, मी त्या मशीनवाल्याले नाई विचारत. त्याचं सगळं ध्यान मालावर राहते. बाजूच्या मशीनवाल्याले विचारतो. त्याच्या कानात पडलेलं राहते."

"तेच केलं ना अब्बा. बाजूचेच फोटो पाह्यले. संपले."

"बाजूचे म्हंजे कोनत्या बाजूचे?"

नाहीद चष्मा काढून पुसाले लागली. पुसत राह्यली, पुसत राह्यली. मंग एकदम उठली आन आत गेली. बाबूभाईनं माह्याकडे पाह्यलं, "मी काही चुकीचं बोललो का?"

झालं होतं असं. त्या दुर्बिनीले दोन डोळे होते, लागूनच. एक डोळा पाहाचं ते पाहत असे, तवा दुसऱ्या डोळ्यात बाजूचा तुकडा आपोआपच येत होता. माह्यासारखंच, एक डोळा तराजूवर, दुसरा गल्लीवर. फोटो दोन्ही डोळ्याचे साठवलेले. नाहीदनं शेजारच्या जागेचे फोटो पाह्यले होते, पन ज्या डोळ्यानं मुद्दाम पाह्यलं त्याच डोळ्याचे. आपोआप आलेल्याईले तिनं हात लावला नव्हता. चूक तिचीच होती. तिनं वहीत लिहूनही ठेवली, लाल पेनानं, तारखेसकट. स्वतःची चूकही ही पोट्टी मोजून ठेवते.

पुढच्या चार दिवसात तीन एसटीच्या चकरा. आन पंधरा तारखेले सहा दिवस असताना, दुपारी, बुढी भेटली. पुरी आत, कडेपासून दूर, मस्त. पहिल्या फोटोनंतर आठ महिन्याचा फोटो. म्हंजे बरोबर मधातला, बुधवारचा.

मी विचारलं, "मंग? कशी आहे?"

"आत्ता नाई सांगता येत."

"काऊन? डोळे नाई का तुले?"

"आधी शेजारी पाहा लागतात. फोटोच अंधुक असन तं सगळेच अंधुक दिसतीन. मंग बुढीचा काय दोष?"

आन बसली मोजत. बुढीच्या बाजूचे चाळीस तारे एकेक करून, त्याच डोळ्याच्या जुन्या फोटोशी जुळवून. मी, खातून आन बाबूभाई दारात. बाबूभाई मिलमध्ये गेलाच नाई त्या दुपारी; मिलमधल्या पत्रूले फोन करून म्हने, बेल्ट तूच चढव आज. खातून तस्बीहचे मनी फिरवून राह्यली होती. मी वालाच्या शेंगा सोलून राह्यली होती, दोन किलो सोलल्या, आन त्या कोनाच्या होत्या तेही मले माहीत नव्हतं.

सांजेले चारच्या सुमारास तिनं बोट खाली केलं.

"चाळीसही शेजारी जसेच्या तसे," ती म्हनली. "बुढी अर्ध्यावर आली."

"म्हंजे?"

"म्हंजे श्वास घेऊन राह्यली, मावशी. म्हातारा ताराच आहे."

बाबूभाईनं आधी खातूनकडे पाह्यलं, मंग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे केस कोंड्यानं पांढरे झाले, ते तिले दिसलं नाई आन आम्ही कोनी सांगतलं नाई.

तिनं सगळं सराले पाठवलं. सरानं दोन दिवस घेतले. स्वतः मोजून पाह्यलं म्हने, आन कोन्या दुसऱ्याले, हे काय होय ते न सांगता, मोजाले लावलं. मी तं दोन दिवसात त्या सराले मनातल्या मनात इतकं बोलली का त्याले उचकी लागली असन. तिसऱ्या दिवशी फोन आला. बाजाराचाच दिवस होता, तरी नाहीद आत सतरंजीवर होती. मी टोपलं बाजूच्या दुकानवाल्या दिनेशच्या पालावर सोडून आत घुसली.

स्पीकरवर सर आधी म्हनले, "जेवलीस का?" मंग म्हनले, "पटलं. तारा आहे. फेरा किती दिवसांचा ते सांगू नकोस, तीन फोटोंवरून ते निघत नाही. बदलतो, खूप धुळीचा आहे, एवढंच लिही. आणि 'संशयित' हा शब्द राहू दे. पण ठेव तिला."

खातूननं पदर डोळ्याले लावला. मी शिट्टी मारनार होती, पन सर ऐकून राह्यले होते.

"फक्त एक कर," सर म्हनले. "तक्त्यात तिला शेवटी टाक. पस्तिसावी."

"नाही सर," नाहीद म्हनली. "तक्ता आकाशातल्या पत्त्याप्रमाणे लावलाय. तिचा पत्ता अकरानंतर येतो. ती बारावी."

"अगं, मग बारापासून पुढचे सगळे नंबर एकेकानं सरकतील. प्रकरण चार, प्रकरण पाच, आकृत्या, सगळीकडे बदलावं लागेल. तीन दिवस राहिले. शेवटी टाकली तर कोण तुला विचारतं?"

मले सराचं पटलं. मी मधात पडली. "बरोबर बोलून राह्यले सर. पंगत अर्धी जेवून झाली का उशिरा आलेल्याले टोकालेच बसवतात. मधातल्याले उठवत नाई कोनी."

खातून म्हने, "हाव बेटा, कायले तरास? आली ना यादीत, झालं."

बाबूभाई म्हने, "मशीन जोडून झाली का नवा पुर्जा बाहेरूनच लावतात. मी तं तसंच करतो."

आम्ही तिघं आन चवथे सर. एका बाजूनं एवढी मानसं, आन दुसऱ्या बाजूनं ही चष्मेवाली. तिनं आमच्या तिघाईकडे एकेक करून पाह्यलं.

"ती उशिरा आली नाई," ती म्हनली. "ती तिथीच होती. आपन उशिरा पाह्यलं."

बाबूभाई मिशी पुसाले लागला. तिकडून सराचा आवाज आला, पन आता तो उलसा नरम झाला होता.

"ते ठीक आहे गं. पण कमीत कमी वीस ठिकाणी नंबर बदलावे लागतील तुला."

"सव्वीस ठिकाणी, सर. सकाळीच बदलले."

"बदलले? मग मला विचारलंस कशाला?"

"विचारलं नाही, सर. सांगितलं."